पलंगाची डोक्याकडची बाजू

बारामतीत चोवीस वर्षं दुकान चालवलं, पण गिऱ्हाइकाला "पुन्हा या" असं एकदाही म्हणालो नाही. म्हणायची सोयच नव्हती. माझा धंदा आजारी माणसासाठी भाड्यानं पलंग देण्याचा. पलंग, हवेची गादी, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची. दवाखान्यानं माणूस घरी सोडलाय पण तो उठू शकत नाही, अशा घरी माझा टेम्पो जायचा. लग्नाला मांडववाला लागतो तसा आजारपणाला मी. मांडववाल्याला लोक जेवल्याशिवाय सोडत नाहीत. माझा टेम्पो गल्लीत वळला की शेजारीपाजारी दार लोटून घ्यायचे.

आता दुकान पुतण्याकडे आहे आणि मी गल्ल्यावर नुसता बसायला जातो. सवय जात नाही.

पलंग म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी अजून आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडी असतो, चाकं असतात, आणि पायाकडच्या बाजूला दोन हँडलं असतात. एक फिरवलं की पाठीखालचा भाग उचलला जातो आणि माणूस बसता होतो. दुसऱ्यानं गुडघ्याखालचा भाग वर येतो. बस, एवढंच यंत्र. पाचवीतल्या पोरालाही कळेल असं. असं मी चोवीस वर्षं म्हणत आलो, आणि त्याच वाक्यानं मला तोंडघशी पाडलं. ते पुढं येईल.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. इंदापूरचे एक निवृत्त मास्तर बायकोसाठी पलंग न्यायला आले. गोदामात शिरले आणि एकेका पलंगावर टिचकी मारून विचारायला लागले, "यावर कोण होतं? ते आता कुठं आहेत?" त्यांना चांगल्या पायगुणाचा पलंग हवा होता. ज्यावरून माणूस चालत उतरला असा. आता मी काय सांगणार? म्हटलं, "मास्तर, हा एकदम नवा." मी प्रत्येक पलंगाला परत आल्यावर मलई रंग मारायचो, त्यामुळे सगळेच नवे दिसायचे. मास्तर वाकून म्हणाले, "मग हँडल का झिजलंय?" मी म्हटलं, "हाताला टोचू नये म्हणून कंपनीच झिजवून पाठवते." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की शाळेत असतो तर बाकावर उभा राहिलो असतो. पण नेला. आणि चार महिन्यांत बाई खरंच काठी घेऊन अंगणात चालायला लागल्या. झालं! इंदापूरभर डंका. जो तो येऊन म्हणे, मास्तरीणबाईंचाच पलंग द्या. एका वेळी पाच घरांत मी मास्तरीणबाईंचाच पलंग दिलेला आहे. ते पाप असेल तर माझ्या खात्यावर लिहा, मला त्याचं काही वाटत नाही.

ज्याचं वाटतं ते वेगळं आहे.

पलंग जोडणं हे अर्ध्या तासाचं काम. खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं, आणि ते दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात पडायचं. दवाखान्यातून निघताना नातेवाइकांच्या हातात कागद देतात. दर दोन तासांनी कूस बदला. डोकं वर करून भरवा. पाठ कोरडी ठेवा. लघवीची पिशवी खाली ठेवा. कागदावर सगळं बरोबर असतं. तिथल्या नर्सबाईंनाही दोष देत नाही, एकीच्या वाट्याला वीस-वीस पेशंट, ती कुणाकुणाला दाखवणार? पण एवढं बघा. आपण ट्रॅक्टर घेतला तर कंपनीचा माणूस घरी येऊन दोन दिवस चालवायला शिकवतो. ठिबक बसवलं तर पोरगा येऊन फिल्टर कसा धुवायचा ते दाखवतो. आणि अंगावरून वारं गेलेला सहा फुटी बाप्या घरी आणला, तर त्याला कसा उचलायचा, कसा वळवायचा, गिळता येत नाही त्याला घोट कसा द्यायचा, हे सांगायला कुत्रं फिरकत नाही. जिनं करायचं ती आदल्या दिवशीपर्यंत भाकऱ्या थापत असते. तिला कुणी विचारतसुद्धा नाही, तुला जमेल का बाई म्हणून.

आमच्या घरी ही बाई म्हणजे कुसुम. माझी बायको. माझी आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. मी पुण्याहून सेकंडहँड पलंग आणला आणि मोठं काम केल्यासारखे हात झटकले. बाकीचं कुसुमनं केलं. आईच्या पाठीला दोन जखमा झाल्या तेव्हा ती रडली होती. "माझ्या अडाणीपणानं झाल्या," म्हणायची. तिसरी तिनं होऊ दिली नाही. आई गेल्यावर तो पलंग शेजारच्यांनी मागून नेला, मग त्यांच्या पाहुण्यांनी, आणि असा आमचा धंदा सुरू झाला.

कुसुम टेम्पोत माझ्या शेजारी बसून यायची. घरात शिरल्यावर तिचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "डोक्याला दिशा कोणती चालते तुमच्यात?" आणि दुसरा, "करणारी कोण?" पहिल्याचं उत्तर पुरुष द्यायचे. दुसऱ्याला सगळे चुलीपाशी उभ्या असलेल्या कुणा सुनेकडे किंवा लेकीकडे बघायचे. कुसुम तिला बोलावून घ्यायची. पेशंट घरी येईपर्यंत ती जागची हलायची नाही. मी बाहेर चुळबुळ करायचो, भिगवणला दुसरा माल टाकायचा असायचा. "तुम्ही चहा प्या हो," एवढंच उत्तर. पेशंट आला की ती त्या बाईच्या मागं उभी राहायची, तिच्या हातांवर आपले हात ठेवायची आणि तिच्याच हातांनी सगळं करून घ्यायची. कूस बदलणं, माणूस वरच असताना चादर काढणं, हनुवटी छातीकडे झुकवून चमच्याचं टोक तेवढं तोंडात देणं. निघताना त्या बाईचा चेहरा बघायला हवा होता. पोहता येत नसलेल्याच्या हाताला काठ लागावा तसा व्हायचा.

मी मात्र तिच्यावर करवादायचो. "तुझ्या शिकवणीपायी निम्मा दिवस जातो." आता वाटतं, तो निम्मा दिवस मला कुणी परत देईल का?

पुढं कुसुमच आजारी पडली. पोटाचं दुखणं, उशिरा कळलं. शेवटचे पन्नासेक दिवस ती आमच्याच गोदामातल्या पलंगावर होती. आणि मी, एवढी घरं पलंगांनी भरणारा, बायकोची कूस बदलायची वेळ आली तेव्हा दोन्ही हात पुढं करून नुसता उभा. आयुष्यभर बाहेर चहा पीत बसलेला माणूस. काखेत हात घालून ओढायला लागलो तर ती कण्हत कण्हत हसली. "अहो ओढताय काय? मी काय उसाची मोळी आहे?" मग पडल्या पडल्या तिनं मला शिकवलं. "गुडघा आधी दुमडा. एक हात खांद्यावर, एक कमरेवर. आता तुमच्याकडं घ्या. ढकलायचं नाही, आपल्याकडं घ्यायचं. पडणार नाही मी, तुम्ही आहात ना इकडं." मी घेतलं. पन्नास दिवस दर दोन तासांनी तिला माझ्याकडं घेत होतो. लग्नाच्या सगळ्या वर्षांत मिळून तिला एवढं जवळ घेतलं नसेल. पाठीला एकही जखम झाली नाही. एवढं एक मला जमलं.

ती गेल्यावर टेम्पोतली तिची जागा रिकामी राहिली. गादीचा पंप, नळ्या, नटबोल्टची पिशवी मी पायाशी ठेवायचो, सीटवर ठेवायचो नाही. भिगवणच्या रस्त्याला लागलं की डावीकडं वळून काहीतरी बोलायला तोंड उघडायचो. मला ती हवी होती. वय झालं, माणसं जातात, हे सगळं कळतं. तरी हवी होती आणि अजून हवी आहे.

आणि मी थांबणं सोडलं. पलंग जोडायचा, घरातल्या पुरुषाला हँडल दाखवायचं, सही घ्यायची, निघायचं. स्वतःची समजूत घातली होती की मी पुरुष माणूस, परक्या घरच्या लेकीसुनांना काय दाखवणार? खरं कारण ते नव्हतं. पेशंट आत आला की करणारी बाई आधाराला इकडंतिकडं बघते. त्या नजरेपुढं मला कुसुमशिवाय उभं राहवत नव्हतं.

अशात डाळजचं काम आलं. तिथल्या घरचे म्हातारे, आबा, त्यांना झटका येऊन उजवी बाजू गेली होती, गिळताना ठसका लागत होता. संध्याकाळी दवाखान्यातून आणणार म्हणून मी दुपारीच पलंग टाकायला गेलो. घरी आबांचा मुलगा विकास, तो सोमेश्वरनगरला साखर कारखान्यावर कामाला. हंगाम भरात, त्यामुळे रजा नाही. त्याला पाळी गाठायची घाई, मला परत फिरायची. सोप्याशेजारची खोली अशी अरुंद की हँडल फिरवायला जागा फक्त दाराच्या बाजूला होती. म्हणून मी हँडलं दाराकडे, डोकं आतल्या भिंतीकडे असा पलंग लावला. विकासला हँडल फिरवून दाखवलं. त्याची बायको रोहिणी दारात येऊन उभी राहिली होती, हात पिठानं भरलेले. तिनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "सोपं आहे, पाचवीतल्या पोरालाही कळेल," आणि टेम्पो सुरू केला.

दार दक्षिणेला होतं. ते मी बघितलंच नाही.

पुढचं मला नंतर कळलं. संध्याकाळी आबांना आणलं तेव्हा भावकीतल्या म्हाताऱ्या जमल्या होत्या. "अगं बया, जित्या माणसाचं पाय दक्षिणंला? ह्यो काय परकार?" खोलीत पलंग फिरत नव्हता. मग त्यांनी माणूसच फिरवला. उशी हँडलांच्या बाजूला ठेवली आणि आबांना उलटं निजवलं. डोकं पायाच्या जागी, पाय डोक्याच्या जागी. त्यांच्या परीनं त्यांनी आबांचं भलंच केलं.

तिसऱ्या दिवशी रोहिणीचा फोन आला. मी भिगवणच्या बाजारात माल उतरवत होतो.

"काका, हँडल फिरवलं की आबांचं पायच वर येत्यात."

"मग दुसरं फिरव."

"दुसरं फिरवलं की कंबर वर येती."

"हळू फिरव, बाई. होईल सवय."

आणि मी फोन ठेवला. माझ्याच पलंगाबद्दल माझ्याशीच कुणीतरी एवढं स्पष्ट बोललं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. कुसुम असती तर माझ्या हातातून फोन हिसकावून घेतला असता.

दहा-बारा दिवसांनी पळसदेवला कमोडची खुर्ची टाकून परत येत होतो. वाटेतच डाळज, म्हणून गादीचा पंप बघून जावं असं मनात आलं. आत गेलो तर खोलीत चार-पाच पाहुणे आणि भावकीतल्या त्या म्हाताऱ्या. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला आलेलं माणूस आपल्या हातानं दोन घास, दोन घोट दिल्याशिवाय उठत नाही, त्यात माया असते. आबांची मेहुणी फुलपात्रातून चमच्यानं दूध देत होती. आबांचं डोकं सपाट गादीवर, खाली एक चपटी उशी, पाय मात्र उंच. प्रत्येक चमच्याला गळ्यात घुरघुर होत होती. अंगाला हात लावला तर तापानं फणफणलेलं.

मी ओरडलो. "अगं ए पोरी, हे काय करून ठेवलंस? माणूस उलटा निजवलायस!"

खोलीतल्या सगळ्या माना रोहिणीकडे वळल्या. ती हातात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ज्या बायकांनी दिशा सांगितली होती त्याही तिच्याकडेच बघत होत्या. मीही बघत होतो.

आबांना तसंच बारामतीला हलवलं. डॉक्टर म्हणाले, दूध-पाणी श्वासनळीत जाऊन छातीत न्यूमोनिया झालाय. सहाव्या दिवशी आबा गेले.

तेराव्यानंतर विकासचा फोन आला, "काका, पलंग घेऊन जावा." मी आज-उद्या करत पंधरा दिवस घालवले. शेवटी गेलो. गावात शिरताना मुख्य गल्लीत जेसीबी आडवा होता, म्हणून किराणा दुकानापाशी दुसरा रस्ता विचारला. दुकानदारानं आबांचं नाव ऐकलं आणि म्हणाला, "त्या उलटं निजवनाऱ्या सुनंचं घर व्हय? हिकडनं जावा."

तो शब्द मी त्या घरात टाकला होता, आणि गावानं तो उचलून त्या पोरीच्या कपाळावर चिकटवला होता. जिनं पंधरा दिवस सासऱ्याचं सगळं काढलं, तिच्या.

घरी रोहिणी, तिची सासू आणि शेजारच्या दोघी ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. पान्हे घेऊन खोलीकडे निघालो तशी रोहिणी उठून मागं आली. डोळ्यांखाली काळं पडलेलं. हळू आवाजात म्हणाली, "काका, एक विचारू? खरं सांगा. मी उलटं निजवलं म्हणून आबा गेलं का?"

मी तिला खोलीत उत्तर दिलं नाही. परत सोप्यात आलो आणि चौघींच्या पुढं बोललो, शेजारणींना ऐकू जाईल असं. "पोरी, चूक तुझी नाही. दिशा न विचारता पलंग मी लावला. माणूस यायच्या आधी पळालो मी. तू फोनवर जसं होतंय तसं सांगितलंस, तेव्हाही मी ऐकलं नाही. आणि वर तुलाच चारचौघांत बोललो. कुणी काही म्हटलं तर माझं नाव सांग. पलंगवाल्याची चूक आहे म्हणावं."

तिची मान खाली होती. मला वाटलं, आता रडेल. पण तिनं मान वर केली ती रागानं. "मग दाखवलं का न्हाय तवा? मी दारात हुते की. इचारणारच हुते. मला येत न्हाय ह्ये मला ठावं हुतं वो काका. दाखवाय कुणी हुतं कुठं?"

तोंडात आलं तेच सांगितलं. "दाखवणारी माझी गेली, पोरी."

एका शेजारणीनं सुपातला खडा उचलून बाहेर टाकला. मग रोहिणीची सासू, आत्याबाई, गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मला वाटलं, पाणी आणायला चालल्या असतील. त्या सरळ खोलीत गेल्या. आम्ही मागं गेलो तर त्या पलंगाच्या कडेवर बसून चपला काढत होत्या.

"रोहिणे, ये हिकडं. मला निजीव."

एक शेजारीण किंचाळलीच. "आत्याबाई! त्या पलंगावर? असं कुणी करतं व्हय? सुतकातनं आत्ता उठलाय तुमी."

"मग? ह्येंच्या जागंवर मी न्हाय तर कोन निजनार? उद्या माजं बी हीच करनार हाय. तवा बी हिनं दाराकडं बघत ऱ्हायाचं का?" आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "दाखवा वो दादा. हात न्हाय लावायचा तर नका लावू. तोंडानं सांगा. तुमच्या मालकिनीनं सांगितलं आसंल की तुमास्नी."

त्या आडव्या झाल्या. या वेळी डोकं डोक्याच्या बाजूला. दिशेकडे त्यांनी बघितलंही नाही.

मी दारात उभा राहिलो आणि बोलायला लागलो. आवाज माझा होता, शब्द एकही माझा नव्हता. "गुडघा आधी दुमड. हां. एक हात खांद्यावर, एक कमरेवर. आता तुझ्याकडं घे. ढकलायचं नाही, आपल्याकडं घ्यायचं." बोलता बोलता मी चौकट धरली. कुसुम, तू इथं असायला हवं होतंस गं. या पोरीच्या मागं, तिच्या हातांवर हात ठेवून. मी बाहेर थांबलो असतो. कितीही वेळ थांबलो असतो.

रोहिणीनं घेतलं. आत्याबाई अलगद वळल्या आणि तोंड तिच्या पोटाशी आलं. मी सांगितली तशी तिनं पाठीमागं उशी दिली, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक घातली. आत्याबाईंनी डोळे मिटले. बराच वेळ तशाच पडून राहिल्या.

"बरं वाटतंय गं," त्या म्हणाल्या. "लई बरं वाटतंय. ह्येस्नी येवढं मिळाया पायजे हुतं."

शेजारणींनी पदर डोळ्याला लावला. रोहिणीनं लावला नाही. सासूच्या कपाळावरचे केस मागं सारून ती माझ्याकडं वळली.

"काका, आता दुसऱ्या कुशीवर कसं घ्यायचं, ते सांगा."